निरोप आल्याशिवाय

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काकू, हरिकेन आलं तर काय करायचं ते सांगा. आई-बाबांना काही बोलले नाहीये, उगाच काळजी करतील." काय करायचं ते सांगते, पण आधी हे दुसरं वाक्य. घरी सांग. आजच सांग.

२००८ साली आइक आलं तेव्हा मीही सांगितलं नव्हतं. हे कामासाठी कॅलिफोर्नियात, विमानं रद्द, ह्यूस्टनच्या अपार्टमेंटमध्ये मी एकटी. शुक्रवारी रात्री अकराला बाबांना फोन केला. रत्नागिरीत तेव्हा शनिवारचे सकाळचे साडेनऊ. "थोडा पाऊस आहे, उद्या करते फोन," एवढंच म्हटलं. रात्री दोननंतर वादळ गॅल्व्हेस्टनला किनाऱ्यावर चढलं. वीज गेली, पाठोपाठ फोनही गेला. तिकडे बाबांनी दुपारी जेवताना टीव्ही लावला, तर पडद्यावर तो पांढरा भोवरा आणि बातमीत माझ्या शहराचं नाव.

रविवारी पहाटे सहाला, पार्किंगमध्ये हात उंच धरून, एक मेसेज कसाबसा गेला. ३१ तासांनी. रत्नागिरीत दुपारचे साडेचार, आणि नेमकी अनंत चतुर्दशी. आळीतले गणपती मांडवीकडे निघाले होते, आमचा मात्र पाटावर तसाच. उत्तरपूजा झालेली, शिदोरीचे दहीपोहे वाटीत सुकलेले. बाबा म्हणत होते, "पोरीचा निरोप आल्याशिवाय मी बाप्पाला निरोप कसा देऊ?" हे मला आईने कितीतरी वर्षांनी सांगितलं. बाबांचा जन्म कोकणात गेला, वाऱ्यापावसाला ते घाबरणारे नव्हते. ते घाबरले माझ्या "थोडा पाऊस आहे"ला. मुलगी लपवते आहे म्हटल्यावर मन कुठवर जाईल त्याला धरबंद राहत नाही.

म्हणून घरी स्पष्ट सांगून ठेव: वीज जाणार आहे, दोन-तीन दिवस फोन कदाचित लागणार नाही, नाही लागला तर टॉवर बंद पडलाय असं समजा. वादळाच्या वाटेत नसलेलं एक माणूस ठरव. तुझी डॅलसची मैत्रीण चालेल. तू फक्त तिला मेसेज करायचा, ती नाशिकला कळवेल. कॉल लागत नाही तेव्हाही साधा एसएमएस पुष्कळदा जातो. वेळ ठरलेली हवी. इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिथले सकाळचे साडेसात, आईच्या चहाची वेळ. मधल्या वेळात फोन बंद. व्हिडिओ काढून पाठवत बसू नकोस, बॅटरी संपेल.

आता घरातलं. पिण्याचं पाणी रोजचं चार लिटर धर, निदान तीन दिवसांचं. बाथटब भरून ठेव, ते फ्लशसाठी. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद झिपच्या पिशवीत. वारा सुरू झाला की खिडकी नसलेल्या खोलीत बस. मी बाथरूममध्ये गादी ओढून बसले होते. दाराखालून वारा शिटीसारखा वाजायचा, कमोडमधलं पाणी आपोआप हलायचं. मध्येच सगळं शांत झालं तर दार उघडू नकोस. तो वादळाचा डोळा असू शकतो, पलीकडची बाजू अजून यायची असते. शेजारच्या दाराला आजच जाऊन सांग की तू एकटी राहतेस. आपल्या मुलींना याचा संकोच वाटतो. मलाही वाटला होता, आणि ती रात्र त्यामुळे दुप्पट लांब झाली.

तुझं घर किनाऱ्यापासून आत आहे, सक्तीने हलवतात त्या पट्ट्यात नाही. पण निघायचा हुकूम आलाच तर लगेच निघ. २००५ ला रीटाच्या वेळी लाखो लोक एकदम निघाले आणि गाड्या उन्हात तासन्‌तास अडकल्या.

वाऱ्याहून पाण्याची भीती जास्त बाळग. हार्वी २०१७ च्या गणेश चतुर्थीलाच, २५ ऑगस्टच्या रात्री, टेक्सासच्या किनाऱ्याला लागलं आणि मग हलेचना. टेक्सासच्याच नेदरलँड नावाच्या गावात १५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. मुंबईत २६ जुलैला ९४४ झाला होता, त्यावरून अंदाज कर. अ‍ॅडिक्स आणि बार्कर धरणांतून पाणी सोडलं तेव्हा ह्यूस्टनमधल्या बफेलो बायू या नदीकाठची, तोवर कोरडी असलेली घरंही बुडाली. पाऊस थांबला म्हणून रस्त्यावर गाडी काढू नकोस. फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते.

आणि 'पहिल्या श्रेणीचंच आहे, म्हणजे सगळ्यात सौम्य' असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. २०२४ च्या जुलैत बेरिल टेक्सासच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा पहिल्या श्रेणीचंच होतं. वीस लाखांवर घरांची-दुकानांची वीज गेली, काहींची कितीतरी दिवस आली नाही, आणि त्या उकाड्यात माणसं दगावली. कुणी बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये जनरेटर लावत असेल तर भांडून थांबव. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

शनिवारी ये. हाताने फिरवून चालणारा रेडिओ माझ्याकडे एक जास्तीचा आहे, तो घेऊन जा. निघण्याआधी नाशिकला फोन कर. आईला काय सांगितलंस ते मी दारातच विचारणार आहे.

तुझी,
काकू