केनियाचा व्हिसा असला की शेजारच्या टांझानियात बिनव्हिसा जाता येतं का?

प्रश्न विचारणाऱ्याने पुढे असंही लिहिलंय की आफ्रिकेतले लोक शेजारच्या देशात बिनव्हिसा जातात, मग आपल्यालाच का नाही?

नाही जाता येत. एवढ्यावर थांबलो असतो, पण हाच प्रश्न आमच्या घरात 2019 पासून धुमसतोय, त्यामुळे जरा ऐका.

मी मूळचा सांगलीचा. नैरोबीत एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. 2019 च्या मे महिन्यात आमचे साडू, ताई (म्हणजे बायकोची मोठी बहीण) आणि कॉलेजात जाणारी त्यांची दोन मुलं पुण्याहून आली. यायच्या आधी मी फोनवर तीनदा सांगितलं होतं, की अहो, तुम्हाला केनियातलं मसाईमारा आणि टांझानियातलं गोरोंगोरो एवढंच बघायचंय ना, मग केनियाचा साधा सिंगल एंट्री व्हिसा काढा, टांझानियाचा सीमेवर मिळेल. साडू म्हणाले, "तू काळजी करू नको, आम्ही सगळा अभ्यास केलाय." आणि माणशी 100 डॉलर भरून त्यांनी ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा काढला. नावातच ईस्ट आफ्रिका आहे म्हटल्यावर टांझानिया त्यात येणारच, हा त्यांचा अभ्यास.

तो व्हिसा 2014 पासून आहे आणि तो फक्त केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा आहे. 90 दिवस या तिघांत हवं तितकं ये-जा करा. टांझानिया ईस्ट आफ्रिकन कम्युनिटीत, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या देशांच्या गटात आहे, किंबहुना कम्युनिटीचं मुख्यालयच टांझानियातल्या आरुशाला आहे, पण या व्हिसात तो आलेला नाही. टांझानियाचं असंच असतं. जुनी कम्युनिटी 1977 मध्ये मोडली तेव्हा त्यांनी केनियाची सीमा बंद केली ती 1983 पर्यंत उघडली नाही. केनिया, युगांडा, रवांडाचे नागरिक आपापसात नुसत्या राष्ट्रीय ओळखपत्रावर फिरतात, त्यातही टांझानिया नाही.

असो. पहाटे पाचला निघालो. कितेंगेला, काजियाडो करत साडेआठला नमांगा, म्हणजे केनिया-टांझानियाच्या सीमेवरचं गाव. नवीन इमारत झालीय तिथे, एकाच छताखाली दोन्ही देशांची खिडकी. जाताना केनियाचा बाहेर पडल्याचा शिक्का आणि टांझानियाचा आत आल्याचा शिक्का एकाच हॉलमध्ये. ड्रायव्हर केनियाचा. तो पासपोर्ट घेऊन पुढे गेला, शिक्का घेतला, एक शिलिंगही न देता मोकळा झाला. साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की बघ, म्हटलं नव्हतं?

मग आमची पाळी. माणशी 50 डॉलर. माझेही. मी इतकी वर्षं नैरोबीत राहतो, वर्क परमिट आहे, पण टांझानियाच्या खिडकीत मी नुसता भारतीय पासपोर्टवाला. साडूंनी पाकिटातून पन्नासच्या चार नोटा काढल्या. खिडकीतल्या बाईंनी एक नोट उजेडात धरली, कोपऱ्यातल्या बारीक आकड्यावर नख ठेवलं आणि परत सरकवली. 2001 ची सीरिज. इकडे 2006 च्या आधीचा डॉलर कुणी हातात धरत नाही, मग तो कितीही कोरा असो. साडू म्हणाले, नोट खरी आहे, अमेरिकेत चालते. बाई म्हणाल्या, मग अमेरिकेला जा. (हे स्वाहिलीत म्हणाल्या. मी साडूंना सांगितलं नाही.) माझ्या खिशातल्या नोटा मी भरल्या.

आता गंमत पुढे. ज्याला व्हिसा लागत नव्हता तोच अडकला. आरोग्य खात्याच्या टेबलावर यलो फीवरच्या लसीचं कार्ड मागितलं. आम्हा सगळ्यांची होती. ड्रायव्हर छातीठोकपणे म्हणाला, आहे, गाडीत आहे, आणि पिवळा कागद घेऊन आला. तो गाडीच्या विम्याचा! पूर्व आफ्रिकेत गाडी सीमेपार न्यायला कोमेसा या आफ्रिकी देशांच्या व्यापारी गटाचा थर्ड पार्टी विमा लागतो, त्यालाही यलो कार्डच म्हणतात. मी आदल्या दिवशी त्याला "यलो कार्ड घेतलंस ना?" असं विचारलं होतं आणि त्याने "घेतलंय बॉस" म्हटलं होतं. दोघंही खरं बोलत होतो.

लसीचं कार्ड त्याच्या कितेंगेलाच्या घरी, कपाटात. फोटो मागवला, टेबलावरच्या माणसाने फोनकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी त्याच्या बायकोने नैरोबी-आरुशा शटलच्या ड्रायव्हरला हात करून कार्ड त्याच्या हाती दिलं. ते येईपर्यंत साडेबारा. तोवर आम्ही बाहेरच्या भिंतीच्या सावलीत बसून ताईने आणलेले गुळपोळीचे तुकडे खाल्ले आणि मसाई बायकांकडून मण्यांच्या माळा घेतल्या. पहिल्या तासाला ज्या माळेचे पाचशे शिलिंग सांगत होत्या ती तिसऱ्या तासाला दोनशेला आली. आपण अडकलोय हे त्यांना कळलं होतं, पण त्यांनाही कंटाळा आला होता बहुतेक. ड्रायव्हर मधूनमधून येऊन "पोले बॉस, पोले साना" (माफ करा, फार वाईट वाटतंय) म्हणायचा. मी त्याला काही बोललो नाही.

म्हणजे बिनव्हिसा या शब्दाचा अर्थ एवढाच की एक खिडकी कमी. बाकीच्या असतातच. पासपोर्ट, लस, गाडीची कागदं. आणि बिनव्हिसा गेलेल्या माणसाला तिथे नोकरी करायची मुभा मिळते असंही नाही. शेजाऱ्यांत बिनसलं तर बिनव्हिसाही कामाला येत नाही. त्याच 2019 च्या फेब्रुवारीत रवांडाने युगांडाकडची गातुनाची सीमा बंद केली ती जानेवारी 2022 अखेर उघडली. दोन्ही देश एकाच व्हिसात, एकाच कम्युनिटीत. आणि आफ्रिकन माणसाला अख्ख्या खंडात मोकळं रान आहे हा गैरसमज तर काढूनच टाका. अलिको डांगोटे, आफ्रिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस, 2024 मध्ये रवांडाच्या राजधानीत, किगालीत जाहीरपणे म्हणाला की नायजेरियाच्या पासपोर्टवर आफ्रिकेत फिरायला त्याला 35 व्हिसा लागतात. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या इकोवास या गटात 1979 पासून 90 दिवस बिनव्हिसाची सोय आहे, खरी चांगली सोय ती. तुमची-आमची तिथेही नाही.

"आपल्याला का नाही" याचं उत्तर मला विचाराल तर, का असावी? केनियाच्या माणसाला आपण मुंबईत बिनव्हिसा उतरू देतो का? नेपाळी माणूस आपल्याकडे येतो तसा हा त्यांचा आपसातला व्यवहार आहे.

परत येतानाचं राहिलं. हेच खरं दुखणं. त्या तीन देशांच्या व्हिसाची अट अशी की तिघांच्या बाहेर पाऊल टाकलं की तो संपला. टांझानिया बाहेर. नमांग्याच्या केनियाच्या खिडकीत माणूस शांतपणे म्हणाला, हा व्हिसा संपलाय, नवीन घ्या. पुन्हा माणशी 50. साधा सिंगल एंट्री घेतला असता तर त्या वेळी टांझानियाला जाऊन त्याच व्हिसावर परत केनियात येता येत होतं. साध्या व्हिसाचे 51 आणि टांझानियाचे 50 मिळून 101 मध्ये झालं असतं तिथे माणशी 200 गेले. चौघांचे जवळजवळ 400 डॉलर पाण्यात. युगांडा, रवांडा बघितलंच नाही. साडूंचं म्हणणं आजही हेच की मी त्या अधिकाऱ्याशी "नीट बोललो नाही", इतकी वर्षं तिथे राहून माझी ओळख नाही. ओळख कसली? नियम छापलेला होता.

एक मान्य करतो. आदल्या वर्षी मी युगांडात कंपालाला व्हिसाची फी न भरता जाऊन आलो होतो आणि ते मोठ्या तोऱ्यात फेसबुकवर टाकलं होतं. ती सवलत त्या तीन देशांत वर्क परमिट असलेल्यांना आहे, हे मात्र लिहिलं नव्हतं. साडूंचा अभ्यास बहुधा तिथूनच सुरू झाला.

आता तुमच्यापुरतं. जानेवारी 2024 पासून केनियाचा व्हिसा गेला, त्याजागी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना आलाय, तो आधी काढावा लागतो. म्हणजे माझी वरची परतीची गोष्ट जुन्या नियमांची आहे, परतीबद्दल आजचा नियम केनियाच्या सरकारी साइटवर बघूनच तिकीट काढा, माझ्यावर विसंबू नका. टांझानियाचा व्हिसा वेगळाच घ्यायचा. तिघांचा व्हिसा हवा तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे अर्ज करा आणि टांझानिया अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवा, मध्ये नको. यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते. कार्ड नसेल तर परत आल्यावर मुंबई विमानतळावरच तुम्हाला वेगळं ठेवू शकतात. डॉलर नवे न्या.

साडूंच्या त्या 2001 च्या चार नोटा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. नमांग्याला त्यांनी माझ्या हातात कोंबल्या होत्या, "हे घे तुझे दोनशे, फिटले" म्हणून.