आम्ही पोफळी मोजतो, सरकार गुंठे मोजतं

तुम्ही विचारलंय की निसर्ग चक्रीवादळानंतर सरकारने भरपाईचे दर वाढवले, रायगडला तातडीचे १०० कोटी जाहीर केले, तरी कोकणातली माणसं ‘आम्हाला काही मिळालं नाही’ असं का म्हणतात?

काही मिळालं नाही हे खरं नाही. आम्हालाही मिळालं. किती आणि कसं, ते सांगतो, म्हणजे लोक तसं का बोलतात ते कळेल.

आमचं गाव दक्षिण रायगडात, श्रीवर्धनच्या बाजूला. १२ गुंठ्यांची वाडी, त्यात पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, माड म्हणजे नारळाची, चार जायफळं आणि झाडांवर चढवलेल्या मिरीच्या वेली. लॉकडाउनमुळे मीही गावीच होतो. ३ जून २०२० च्या दुपारी तीनेक तासांत ११० पोफळी आणि १९ माड आडवे झाले. वडील पडवीत बसून नुसते आवाज मोजत होते. पोफळ मोडताना कडकन वाजते, माड मुळासकट येतो तेव्हा घर हादरतं.

आता सरकारचा हिशोब बघा. फळबागेला केंद्राच्या निकषाने हेक्टरी १८,००० रुपये बसत होते. राज्याने ते ५०,००० केले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ऐकायला बरं वाटतं. पण १०० गुंठ्यांचा हेक्टर धरला तर गुंठ्याला ५०० रुपये. म्हणजे आमच्या अख्ख्या वाडीचे ६,०००. आमच्याकडे दोन हेक्टर वाडी कोणाची असते? पाच गुंठे, आठ गुंठे, फार तर वीस. हा दर द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या मापाचा होता. आमच्याकडे कोणी ‘माझी इतकी गुंठे वाडी’ असं सांगत नाही, ‘दोनशे पोफळ आहे’ असं सांगतात.

ओरड झाल्यावर सरकारने झाडामागे दर ठरवला, माडाला २५० आणि पोफळीला ५०. मागणी रास्त होती आणि ऐकली गेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण माडाला २५० म्हणजे तेव्हाच्या भावाने पंधरा-वीस नारळांचे पैसे. एक माड वर्षाला सत्तर-ऐंशी नारळ देतो आणि लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं घेतो. शिवाय हा दर येईपर्यंत ऑगस्ट उजाडला होता. तोवर आम्ही वाडी साफ केली होती, कारण पाऊस थांबत नाही आणि कुजलेल्या खोडांत भुंगे होतात. कापायला, ओढायला अठरा हजार गेले. सुपारीचं खोड कोणी विकत घेत नाही, माडाचं फुकट न्यायलाही कोणी येईना. आणि पुन्हा मोजणीला आलेला माणूस विचारतो, झाडं कुठायत?

वडिलांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक बुंध्यावर चुन्याने आकडा घातला होता, म्हणून आमचं निभावलं. शेजारच्या काकूंनी बुंधे उपटून टाकले होते. त्यांची निम्मी झाडं कागदावर पडलीच नाहीत.

आणखी एक प्रकार सांगतो. उभ्या राहिलेल्या झाडांपैकी बऱ्याच पोफळींचा शेंडा पिळवटला होता. पंचनाम्यात ती ‘उभी’. दिवाळीपर्यंत ती वरून सुकत सुकत मेली. मेलेली झाडं दाखवायला परत कुठे जायचं?

घरांचंही तसंच. छप्पर उडाल्यावर जून महिन्यात पंचनाम्याची वाट बघत कोण बसेल? लोकांनी मिळेल तिथून ताडपत्री, पत्रे आणून घातले. मग येणाऱ्याला नुकसान कमी दिसायचं. फोटो जोडा म्हणायचे, पण आमच्याकडे सव्वा महिना वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. चार्जिंगसाठी आम्ही एकाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रांग लावायचो.

आता सर्वांत किचकट भाग, सातबारा. आमच्या उताऱ्यावर अकरा नावं. त्यातली दोन वारलेली, एक आत्या बडोद्याला, चुलतभाऊ डोंबिवलीत आणि तिथे तेव्हा कोरोनाचा कहर. पैसे एकाच्या खात्यात हवे असतील तर सगळ्यांचं संमतिपत्र. वाडी कसणारे माझे वडील, झाडांना पाणी शिंपणारे तेच, पण कागदावर ते अकरातले एक. पैसे जमा झाले फेब्रुवारीत. काही घरांत संमती मिळालीच नाही, आणि सरकारी पैशापायी भाऊबंदकी नव्याने सुरू झाली.

कोळीवाड्यातलं मी ऐकून सांगतोय. होडी पूर्ण गेली तर तेव्हा केंद्राचा निकष ९,६०० रुपयांचा होता, जाळ्याला २,६००. राज्याने ते २५,००० आणि ५,००० केले. एवढ्यात होडीचं इंजिनसुद्धा येत नाही. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, म्हणून माणसं वाचली हे नशीब. पण ‘क्यार’ वादळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन हंगाम बुडवला होता, त्याचं पॅकेज २०२० च्या ऑगस्टमध्ये निघालं. म्हणजे आधीच्या वादळाचा निर्णय व्हायच्या आत पुढचं वादळ येऊन गेलेलं.

निसर्गला तर वर्षही पुरतं झालं नव्हतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. पंतप्रधानांनी गुजरात आणि दीवची हवाई पाहणी करून गुजरातला १,००० कोटी जाहीर केले. तिथे वादळ थेट धडकलं होतं, त्यांना द्यायलाच हवे होते. पण आमच्या पारावर त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

आम्हाला शेवटी मिळाले १०,२५०. वडिलांनी त्यातून रोठा जातीच्या सुपारीची रोपं आणली. त्यातली काही तौक्तेच्या पावसात कुजली, बाकीची आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. पडलेल्या माडांतले दोन आम्ही वहाळावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल, म्हणून टाकलेत. त्यातल्या एकावर चुन्याचा १४ अजून पुसट दिसतो.