जास्वंदीवरचा पांढरा कापूस फवारूनही परत का येतो?

तुम्ही लिहिलंय की गॅलरीतल्या जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरा कापूस साचतो, कळ्या न उमलताच गळतात आणि दोनदा निंबोळी तेल फवारूनही पंधरा दिवसांत पुन्हा तेच. हा पिठ्या ढेकूण. माझ्याही जास्वंदीचे दोन उन्हाळे यात गेले, गणपतीला एक फूल मिळेना.

आधी मुंग्या बघा. खोडावरून त्यांची रांग चढतेय का? पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि गोड, चिकट द्राव सोडतो. मुंग्या त्यासाठीच येतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. पानांवर काळी काजळी धरली असेल तर तीही त्याच द्रावावर वाढलेली बुरशी. मी दोन वर्षं नुसती फवारत राहिले, मुंग्यांची वाट बंद केली तेव्हा कुठे फरक पडला. कुंडी भिंतीपासून, ग्रिलपासून सुटी करा आणि पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. पाणी मात्र एक दिवसाआड बदला, नाहीतर डास होतील.

आता फवारणी. तो कापूस म्हणजे मेणाचं आवरण असतं, त्यातच शेकडो अंडी असतात. तेल त्याच्या आत पोचत नाही. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांवर मेण नसतं, ती मरतात. राहिलेली अंडी पुढच्या आठवड्यात फुटतात. म्हणून दोनदा फवारून थांबलात तिथेच चुकलं. दर सात दिवसांनी, सलग चार वेळा तरी करायलाच हवं, झाड स्वच्छ दिसू लागलं तरी.

फवारण्याआधी फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये नको. उरलेला कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा. पानाचा देठ फांदीला जिथे जुळतो ती खाच आणि पानांची मागची बाजू अजिबात सोडू नका. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवा. निंबोळी तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही, नुसतं तरंगतं. थोड्या कोमट पाण्यात आधी भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब, त्यात ५ मिली तेल घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत ढवळा, मग १ लिटर करा. संध्याकाळीच फवारा, उन्हात पानं भाजतात. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा.

कृषी सेवा केंद्रात कुणी जहाल कीटकनाशक हातात ठेवलं तर कृपा करून घेऊ नका. ती शेतासाठी असतात. तुमची मुलं त्या गॅलरीत खेळतात, फुलं देवघरात जातात.

आणि एक, हे मला मनापासून सांगायचंय. त्या कापसात एखादा मोठा, लांब पांढऱ्या झालरींचा किडा भरभर चालताना दिसला तर त्याला मारू नका. पिठ्या ढेकूण जेमतेम सरकतो. हा बहुधा क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असते, दिसते हुबेहूब त्याच्यासारखी आणि खाते त्यालाच. ती दिसली तर त्या फांदीवर फवारणी थांबवा. एपफ्लाय नावाच्या छोट्या फुलपाखराची अळीही हेच खाते, तिचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो. मुंग्या हटल्या की असे पाहुणे टिकतात.

नर्सरीतून आणलेलं रोप मी आता तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवते. युरियाही बंद केलाय, त्याने कोवळी लुसलुशीत पालवी फुटते आणि कीड तिथेच आधी बसते. चौथ्या फवारणीनंतरही कापूस दिसला तर रोप कुंडीतून काढून मुळं बघा, कधीकधी तो मातीत मुळांनाही धरलेला असतो.