दोन युरो की बारा?

प्रश्न : मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी आहे. पुढच्या फेरीत जहाज स्पेनमधल्या वालेन्सिया आणि लास पाल्मास (कॅनरी बेटं) या बंदरांना लागणार आहे. सिमकार्ड, साबण, किरकोळ खाऊ घेण्यापुरतं स्पॅनिश त्याला हवंय. आकडे पाठ आहेत, पण दुकानदार बोलला की कळत नाही, म्हणतो. काय करावं? (एक वाचक, दाभोळ)

उत्तर : किंमत विचारायला ‘क्वांतो क्वेस्ता?’ पुरेसं आहे. वस्तू अनेक असतील तर ‘क्वांतो क्वेस्तान?’ सगळ्याचे मिळून किती झाले, हे विचारताना ‘क्वांतो एस?’ मासळी, फळं यांचा भाव रोज बदलतो. तिथे हर्णैच्या बंदरावर आपण ‘काय भाव?’ म्हणतो तसं ‘आ क्वांतो एस्तान लास सार्दीनास?’ (सार्डिन मासे काय भाव?) विचारावं. उत्तर येईल, ‘आ सेइस एउरोस एल कीलो’, म्हणजे किलोला ६ युरो.

खरी अडचण उत्तर ऐकण्यात आहे. मराठीत पस्तीस म्हणताना पाच आधी येतात, स्पॅनिशमध्ये तीस आधी : ‘त्रेइंता ई थिंको’. त्यामुळे ३५ आणि ५३ची हमखास उलटापालट होते. ६० ‘सेसेंता’ आणि ७० ‘सेतेंता’ यांत तर एकाच अक्षराचा फरक. वाण्याचं बिल घेऊन त्यातली प्रत्येक रक्कम त्याने रोज मोठ्याने स्पॅनिशमध्ये वाचावी; नुसते ओळीने पाठ केलेले आकडे दुकानात आठवत नाहीत.

लास पाल्मासला जास्त जपावं लागेल. वालेन्सियात बारा म्हणजे ‘दोथे’, जीभ दातांमध्ये धरून. कॅनरी बेटांवर तेच ‘दोसे’ होतं, आणि ‘दोस एउरोस’ (२) व ‘दोसे एउरोस’ (१२) भरभर बोलल्यावर जवळजवळ सारखेच ऐकू येतात. शंका आली की लगेच ‘दोस ओ दोसे?’ विचारावं, नाहीतर ‘मे लो एस्क्रीबे, पोर फावोर?’ म्हणून आकडा लिहून घ्यावा. यात संकोच नको.

लेबलावर १२,५० असेल तर ते साडेबारा युरो, आणि १.२०० म्हणजे बाराशे. तिथे स्वल्पविराम आणि टिंब आपल्या उलट चालतात.

रोख म्हणजे ‘एन एफेक्तीवो’, कार्डाने ‘कोन तार्खेता’. पन्नासची नोट काढण्याआधी ‘तिएने कांबिओ?’ (सुट्टे आहेत का?) विचारलेलं बरं.

जहाज पुढे मेक्सिकोला गेलं, तर तिथे $ हे चिन्ह पेसोचं असतं. पनामात मात्र कागदी नोटा अमेरिकी डॉलरच्याच चालतात.