वाचकांचे प्रश्न : चारशे ग्रॅमचा घोळ

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची आहे. अंगणवाडीत तिचं वजन ७.९ किलो भरलं, ‘कमी वजन’ अशी नोंद झाली. त्याच आठवड्यात दवाखान्यात ८.३ भरलं, तिथे ‘ठीक आहे’ म्हणाले. खरं काय मानायचं? (एक आई, पेठ, जि. नाशिक)

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात १८ महिन्यांच्या मुलीसाठी ‘कमी वजना’ची रेघ ८.१ किलोवर आहे. तुमचा एक आकडा तिच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. आपल्याकडच्या थंडीत स्वेटर, कानटोपी आणि पायातल्या वाळ्यांचंच एवढं वजन होतं. फार तर चड्डी ठेवून बाकी सगळं उतरवा. टांगत्या काट्याला आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग मूल बसवायचं. इथे हमखास चुका होतात. मूल हातपाय झाडत असेल तर आकडा वाचूच नका. वय जन्मदाखल्यावरून, पूर्ण झालेल्या महिन्यांत धरा; ‘गणपतीच्या आसपासचा जन्म’ चालत नाही.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. वयाच्या मानाने वजन कमी असलेलं मूल खुजं असेल, कृश असेल किंवा दोन्ही. तातडी कृशपणाची, आणि तो वयाच्या नव्हे, उंचीच्या मानाने वजन पाहिल्यावर कळतो. म्हणून लांबीही मोजून घ्या. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवूनच मोजतात : एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, नजर सरळ छताकडे, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून सरकती फळी तळव्यांना भिडवायची. उभं करूनच मोजलं असेल तर ०.७ सेंमी मिळवा. केसांचा बुचडा, क्लिपा आधी काढा. लांबी सेंटीमीटरभर जास्त लागली तर काठावरचं मूल कागदावर कृश दिसू शकतं.

प्रश्न : एकाच मुलाचा दंडघेर कधी ११.४ तर कधी ११.८ सेंमी येतो. असं का? (अंगणवाडी सेविका, सुरगाणा)

उत्तर : बहुधा दंडाचा मध्य नजरेनेच ठरवला जातोय. डावा हात कोपरात काटकोनात वाकवा, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजून निम्म्यावर पेनाने खूण करा, मग हात सैल सोडायला लावून तिथेच पट्टी लावा. पट्टी कातडीला टेकावी, मांस दबू नये. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत ११.५ च्या खाली तीव्र, ११.५ पासून १२.५ च्या आत मध्यम कुपोषण. म्हणजे तुमच्या ०.४ सेंमीनेच मुलाचा गट बदलतो.

दंडघेर पट्टीच्या लाल भागात (११.५ च्या खाली) पण उंचीच्या मानाने वजन बरं, असंही दिसेल. दोन्ही मापं नेहमी एकाच मुलाला पकडत नाहीत. कोणतंही एक तीव्र असलं की मूल तीव्रच धरा.

दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबून पाहणं मात्र चुकवू नका. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती सूज आहे, काट्यावर पाण्याचं वजन दिसतंय. अशा मुलाचा आकडा तक्त्यात शोधत बसू नका, त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्र असलेल्या रुग्णालयात पाठवा.