स्वित्झर्लंडच्या लाउटरब्रुनेन दरीत मुलांना घेऊन जाताय?

युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनचं तिकीट घरबसल्या काढायची घाई करू नका. 3454 मीटरवर ढग असले तर एवढे पैसे मोजून पांढरा पडदा बघून यावं लागतं. सकाळी वेबकॅमवर शिखर दिसतंय का ते बघा, मगच ठरवा. लहानग्यांना तिथं विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, तेव्हा वर गेल्यावर पळापळ नको.

माझं विचाराल तर पहिला दिवस दरीतच काढा. 297 मीटर उंचीचा स्टाउबाख धबधबा गावातूनच दिसतो, फुकटात. खरी गंमत ट्रुमेलबाखच्या धबधब्यांना. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी तिथं डोंगराच्या पोटातून कोसळतं. लिफ्टनं वर जायचं आणि ओल्या पायऱ्यांनी धबधबे बघत उतरायचं. आवाज इतका की शेजारच्याशी खाणाखुणांनी बोलावं लागतं. रेनकोट आणि पकड असलेले बूट हवेतच. मात्र चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, आणि हिवाळ्यात ते बंद असतं.

दुसऱ्या दिवशी वेंगेन गावाहून केबल कारनं मॅनलिशेन डोंगरावर जा. वर भल्यामोठ्या गाईच्या रूपातलं खेळाचं मैदान आहे. मुलं तिथून हलायची नाहीत, तुम्ही निवांत आयगर बघत बसा. मुरेनलाही जमलं तर जाच. वेंगेन काय, मुरेन काय, दोन्ही गावांत बाहेरच्या गाड्यांना मज्जाव आहे, त्यामुळे पोरांचा हात सोडला तरी जीव टांगणीला लागत नाही.

आणि हो, स्विस ट्रॅव्हल पास (देशभरच्या रेल्वे-बस प्रवासाचा पास) काढणार असाल तर मुलांसाठीचं मोफत फॅमिली कार्ड मागून घ्या.