ऑनलाइन गेममधलं लाडकं गाव नव्याने बांधताना जुने खेळाडू नाराज का होतात? काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या छोट्या ऑनलाइन गेममधलं बंदराचं गाव सहा वर्षं जुनं झालंय, आजच्या फोनवर ते फिकं दिसतं, म्हणून अख्खं नव्याने बांधताय. नव्या गावाची चित्रं दाखवल्यावर सगळ्यात जुने खेळाडूच नाराज झाले. ‘गाव आता कितीतरी सुंदर दिसतंय, मग यांना नको का आहे?’ असं तुम्ही विचारलंय.

मी गेली अकरा वर्षं पुण्यात गेमसाठी परिसर उभे करण्याचं काम करतो. डोंगर, घरं, पायऱ्या, झाडं, उजेड, सगळंच. त्याच्या कितीतरी आधीपासून मी खेळाडू आहे. माझं उत्तर आधी सांगतो आणि मग ते कुठून आलं ते सांगतो. लोकांचा जीव गावाच्या रूपावर जडत नाही, गावातल्या वाटांवर जडतो. भिंतींचा रंग बदलला तर दोन दिवस कुरकुर होते आणि थांबते. पण बँकेतून बाहेर पडून डावीकडे वळलं की समोर धक्का, हे पायांना पाठ झालेलं असतं. ते मोडलंत तर चित्र कितीही देखणं असो, माणसाला आपल्याच गावात परकं वाटतं.

मी २००७ च्या दिवाळीनंतर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळायला लागलो. होस्टेलची खोली, युरोपातला सर्व्हर, रात्री उशिरापर्यंत जागरण. त्या गेममध्ये होर्ड आणि अलायन्स असे दोन शत्रुपक्ष. मी होर्डच्या बाजूचा, त्यामुळे माझी पहिली मोठी ओळख बॅरन्स या प्रदेशाशी झाली. पिवळं गवत, विरळ झाडं, मधोमध क्रॉसरोड्स नावाची वस्ती आणि संपता न संपणारी वाट. दहाव्या लेव्हलला, म्हणजे पात्र ताकदीच्या दहाव्या पायरीवर पोचलं की, तिथे यायचं आणि पंचविसाव्या लेव्हलपर्यंत तिथेच फिरायचं. तेव्हा बसायला लांडगा मिळायचा चाळिसाव्या लेव्हलला, म्हणजे बॅरन्स अख्खं पायी. एका टोकाचं काम घेऊन दुसऱ्या टोकाला जायचं, तर निव्वळ चालण्यात पाच-दहा मिनिटं जायची. त्या चालण्यात हात मोकळे असायचे, म्हणून लोक बोलायचे. बॅरन्सचं चॅट सगळ्या खेळाडूंमध्ये प्रसिद्ध होतं. मॅनक्रिक नावाचा एक ऑर्क, म्हणजे होर्डमधल्या एका जमातीचा गेममधला माणूस, आपल्या हरवलेल्या बायकोला शोधायला सांगायचा. ती कुठे सापडेल हे कामाच्या वर्णनात धड कळायचं नाही, म्हणून दर काही मिनिटांनी कोणीतरी नवखा चॅटमध्ये विचारायचा, ‘मॅनक्रिकची बायको कुठे आहे?’ मीही विचारलं होतं. कोणा अनोळखी माणसाने मला क्रॉसरोड्सच्या दक्षिणेला पाठवलं, आणि पुढे कित्येक महिने मी इतरांना तेच सांगत होतो.

मग २३ नोव्हेंबर २०१० ला, मूळ गेमला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, सगळं जुनं जग एका पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या एका अपडेटमध्ये, बदललं. डेथविंग नावाचा ड्रॅगन जमिनीतून बाहेर येतो आणि जग फुटतं, अशी ती कथा. दोन आठवड्यांनी, ७ डिसेंबरला, कॅटॅक्लिझम हा विस्तार, म्हणजे गेमचा नवा मोठा भाग, आला. बॅरन्सच्या मधून आग ओकणारी भेग पडली. उत्तर बॅरन्स वेगळं झालं, दक्षिण बॅरन्स वेगळं. उत्तरेत साधारण दहा ते वीस लेव्हलची कामं, दक्षिणेत तीस ते पस्तीसची. त्यामुळे नव्याने खेळणारा माणूस उत्तर संपवून दुसऱ्याच प्रदेशात निघून जाऊ लागला. आणि त्या गेममध्ये सर्वसाधारण चॅट प्रदेशानुसार चालतं. प्रदेश दोन झाले तसं चॅटही दोन झालं, शिवाय आता वाहन विसाव्या लेव्हललाच मिळायचं, वाटा छोट्या झाल्या होत्या, बोलायला वेळच उरला नव्हता. भेग दिसायला जबरदस्त होती. तिच्या काठावर उभं राहून मी स्वतः बराच वेळ बघत बसलो होतो. पण लोक एकमेकांशी बोलत होते ते ज्या लांब, कंटाळवाण्या चालण्यामुळे, तेच गेलं. कोणीही ‘चॅट बंद करा’ असा निर्णय घेतलेला नव्हता. नकाशावर फक्त एक रेघ पडली होती.

तुमच्या गावासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. जागेत जे घडतं ते बऱ्याचदा तिच्या गैरसोयीमुळे घडतं. नावेची वाट बघावी लागते म्हणून धक्क्यावर माणसं जमतात. नावा लगेच सुटायला लागल्या तर धक्का ओस पडेल, आणि तो ओस का पडला हे तुम्हाला चित्रांवरून कधीच कळणार नाही.

कॅटॅक्लिझममध्ये सगळंच चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. ते जुनं जग उडण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. उडती वाहनं २००७ साली आली तीही फक्त आउटलँड या नव्या भागात, कारण जुन्या प्रदेशांत डोंगरांच्या मागे काहीच नव्हतं आणि वरून कोणी बघणार नाही अशा हिशोबाने बऱ्याच इमारती अर्ध्यामुर्ध्या सोडलेल्या होत्या. उडायला द्यायचं तर पुन्हा बांधणं भाग होतं. आणि त्यातलं ऑर्ग्रिमारचं, म्हणजे होर्डच्या राजधानीचं, काम मला आजही धड्यासारखं वाटतं. आधीचं ऑर्ग्रिमार म्हणजे लाल मातीची घळ, कातडी तंबू, लाकडी सुळके. नंतरचं ऑर्ग्रिमार काळ्या लोखंडाचं. कथेत थ्रॉलच्या जागी गॅरॉश हेलस्क्रीम वॉरचीफ, म्हणजे होर्डचा प्रमुख, झाला होता, तो लढाऊ आणि तापट, म्हणून शहरालाही त्याने चिलखत चढवलं. हे कारण खेळाडूला कुठे वाचावं लागलं नाही, दारात पाऊल टाकताच कळलं. आणि त्याच वेळी पायांची वाट तशीच राहिली. मोठ्या दारातून आत आलं की आधीसारखीच व्हॅली ऑफ स्ट्रेंग्थ, तिथेच बँक, तिथून पुढे सावलीतली ती अरुंद गल्ली, ड्रॅग. वॉरचीफचं ठाणं मात्र आतल्या व्हॅली ऑफ विस्डममधून उचलून दारापाशी आणलं, आणि आतली जागा होर्डमधल्याच टॉरेन जमातीला दिली. म्हणजे बदल मोठे होते. तरी पहिल्या दिवशी मी बँकेपर्यंत न अडखळता पोचलो.

स्टॉर्मविंडमध्ये याच्या उलट गोष्ट घडली, आणि ती सांगताना मला अजून वाईट वाटतं, जरी ते माझ्या शत्रुपक्षाचं, अलायन्सचं, राजधानीचं शहर होतं. तिथे पार्क नावाचा एक हिरवा, शांत भाग होता. नाइट एल्फ ही जमात तिथे राहायची, ड्रुइड म्हणजे निसर्गाची जादू करणारी पात्रं तिथे शिकायला जायची. तिथे गर्दी नसायची, म्हणूनच काही लोकांना तो आवडायचा. डेथविंगने तो जाळला. शहराच्या दारावरचे बुरुजही त्याने फोडले, पण दार रोजच्या वाटेवर होतं, ते जगतं राहिलं. पार्कच्या जागी उरला नुसता खड्डा, आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहिला. सुरुवातीला तो खड्डा बघून गलबलायचं, कारण त्यातून काय गेलं ते कळायचं. नंतर नवे खेळाडू आले, त्यांना तिथे पार्क होतं हेच माहीत नव्हतं. शेवटी २०१६ मध्ये, लीजन विस्तारात, राजा व्हेरियन मारला गेला आणि त्याचं स्मारक, लायन्स रेस्ट, नेमकं त्या जागी बांधलं. पार्क परत आलं नाही, पण त्या जागेला पुन्हा अर्थ आला. माझा मित्र अलायन्सकडून खेळायचा. पहिल्यांदा तिथे गेल्यावर त्याने मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं की खड्डा बुजला.

म्हणजे तुम्हाला काही मोडायचंच असेल तर ते मोडणं खेळाडूंसमोर, गोष्टीत घडू द्या. रात्रीतून गुपचूप बदललेल्या गावाबद्दल कोणालाच माया वाटत नाही. गिल्ड वॉर्स २ या दुसऱ्या ऑनलाइन गेममधलं लायन्स आर्च हे समुद्री चाच्यांनी जुन्या जहाजांचे सांगाडे वापरून वसवलेलं शहर होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यावर हल्ला झाला आणि खेळाडूंनी स्वतः नागरिकांना बाहेर काढलं. मग वर्षाहून अधिक काळ ते उद्ध्वस्त अवस्थेत राहिलं आणि जून २०१५ मध्ये नव्याने उभं राहिलं. मोडण्याचा भाग त्यांनी इतका चांगला केला की लोक वर्षभर राखेतून फिरत होते. नव्या शहराबद्दल मात्र मतं दुभंगली. उजळ दगड, सागरी प्राण्यांच्या आकाराच्या इमारती. अनेकांना ते बंदर न वाटता करमणुकीचं उद्यान वाटलं. माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. जुन्या शहरात प्रत्येक घर बघून कळायचं की इथे कोणीतरी हाताशी आलेल्या लाकडातून निवारा केलाय. नव्यातून ती गरजच गेली. तुमचं गाव कोळ्यांचं असेल तर नव्या गावातही जाळी वाळत घालायला जागा लागेल, हे चित्रकाराला आधी सांगा.

आता प्रत्यक्ष कामाचं. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही एका मोबाइल गेममधलं गाव नव्याने केलं. चौकात मधोमध विहीर होती. फोनवर चौक जड चालायचा, म्हणून आम्ही विहीर कडेला नेली आणि मध्ये सुंदर फरसबंदी केली. दिसायला गाव दुप्पट चांगलं झालं. तीन आठवड्यांत चौकात उभं राहणं बंद झालं. विहिरीचा कठडा ही लोकांची टेकायची जागा होती, ‘विहिरीपाशी भेट’ हा त्यांचा पत्ता होता. मोकळ्या फरशीच्या मधोमध कोणी उभं राहत नाही, खऱ्या गावातही नाही. विहीर आम्ही परत मध्ये आणली, पण सवय मोडली ती मोडलीच.

तेव्हापासून मी कुठलंही काम चित्रांनी सुरू करत नाही. आधी सर्व्हरच्या नोंदी काढतो. खेळाडू कुठे उभे राहतात, किती वेळ, कुठून कुठे जातात. मग स्वतः घड्याळ लावून त्या वाटा चालतो. बँकेपासून टपालपेटी किती सेकंद, दारापासून धक्का किती सेकंद. नव्या आराखड्यात हे आकडे शक्यतो तेच ठेवतो. घरं, झाडं काही न रंगवता नुसत्या करड्या ठोकळ्यांचं गाव उभं करतो आणि पाच-सहा जुन्या खेळाडूंना त्यात सोडतो. नकाशा न उघडता ते नेहमीच्या जागी पोचले तर पाया बरोबर आहे. अडखळले तर वरची चित्रं अजून कोणाला दाखवायचीच नाहीत. तुमच्याकडून बहुधा हाच क्रम उलटा झाला. लोकांनी सुंदर चित्र पाहिलं आणि त्यात आपला कोपरा शोधला, तो सापडला नाही. दूरून दिसणाऱ्या खुणाही तशाच जपा. गावात शिरताना पहिल्यांदा काय दिसतं, दीपस्तंभ की देवळाचं शिखर, ते त्याच वळणावर दिसलं पाहिजे. आणि संगीत बदलू नका, निदान पहिलं वर्षभर तरी.

एक गोष्ट कराच. जुनं गाव सर्व्हरच्या माहितीसकट जपून ठेवा. जॅगेक्स या कंपनीने २०१३ मध्ये ओल्ड स्कूल रुनस्केप, म्हणजे आपल्या रुनस्केप या ऑनलाइन गेमचं जुनं रूप, सुरू केलं ते ऑगस्ट २००७ ची प्रत त्यांच्याकडे शिल्लक होती म्हणून. त्यासाठी घेतलेल्या मतदानात साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली. वॉरक्राफ्टचं जुनं जगही ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक म्हणून परत आलं, २००६ च्या १.१२ पॅचच्या जुन्या माहितीवरून. मी तेव्हा पस्तिशीला टेकलो होतो. पहिल्याच आठवड्यात ऑर्क घेतला, क्रॉसरोड्सला पोचलो, आणि चॅटमध्ये कोणीतरी मॅनक्रिकच्या बायकोबद्दल विचारत होतं. तुम्हाला अख्खा जुना सर्व्हर चालवणं परवडणार नाही, हे मला कळतं. वॉरक्राफ्टमध्ये झिडॉर्मी नावाचं एक पात्र काही बदललेल्या प्रदेशांच्या वेशीवर उभं असतं. तिच्याशी बोललं की ती तुम्हाला त्या प्रदेशाच्या जुन्या काळात नेऊन सोडते. तुमच्या धक्क्यावर एखादा म्हातारा नावाडी उभा करा, जो विचारणाऱ्याला जुन्या गावात नेईल. तिथे कामं नकोत, बक्षिसं नकोत, रिकामं गाव असलं तरी चालेल.

आणि नवा पॅच टाकायच्या आधी तारीख जाहीर करून एक शेवटची संध्याकाळ ठेवा. तुमची टीमही त्या दिवशी आपापल्या पात्रांनी धक्क्यावर या. लोक काय बोलतात ते ऐका, कुठे उभे राहून फोटो काढतात ते लिहून ठेवा. त्या जागांची यादी तुमच्या नव्या आराखड्यावर ठेवून बघा. त्यातली एखादी अजून नकाशात नसेल तर पॅच आठवडाभर पुढे ढकला.